नडगी मोडल्यावर: आराम किती, हालचाल किती?

पाय मोडून दवाखान्यात पडलेल्या माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. शहाळं आणतात, मोसंबी आणतात आणि सोबत सल्लाही आणतात. जागचा हलू नकोस. आंबट बंद कर. पायाचं सूप पी. गावाकडे एक हाडवैद्य आहे, तो कांडवेलीचा लेप देतो, तो लावून बघ. तीन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, हे तर सगळ्यांना पाठच असतं. आणि रॉड टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट खाटेशेजारी वॉकर आणून ठेवते आणि म्हणते, "चला काका, उभं राहू या." काकांपेक्षा काकूच जास्त घाबरतात.

मोडलेल्या पायाला विसावा द्यायचा की त्याच्याकडून काम करून घ्यायचं, हा वाद काकू आणि फिजिओपुरता नाही. हाडांच्या डॉक्टरांमध्ये तो शंभरहून अधिक वर्षं चालला, आणि त्यातला बराचसा नडगीवरच लढला गेला. त्यामुळे नडगीपासूनच सुरुवात करू.

गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडं असतात. आतल्या बाजूची जाड ती नडगी, म्हणजे डॉक्टरांची टिबिया. बाहेरच्या बाजूची बारीक ती फिब्युला. शरीराचा भार जवळजवळ सगळा नडगीवर येतो. मांडीचं हाड चहूबाजूंनी स्नायूंत लपेटलेलं असतं. नडगीची पुढची-आतली बाजू मात्र नुसत्या कातडीखाली उघडी असते. अंधारात खाटेच्या कडेवर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते त्यामुळेच. या उघडेपणाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. एक म्हणजे दुचाकीच्या अपघातात नडगीचं टोक सहज कातडी फाडून बाहेर येतं आणि जखमेतून जंतू थेट हाडापर्यंत पोचतात. दुसरी किंमत रक्तपुरवठ्याची. मोडलेल्या हाडाला नवं रक्त मुख्यतः भोवतालच्या स्नायूंकडून मिळतं. नडगीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात स्नायू जवळपास नाहीतच, नुसत्या कंडरा आहेत. म्हणून घोट्याच्या वर वीतभर अंतरावर मोडलेली नडगी सांधायला रेंगाळते. मनगट मोडलं की सहा आठवड्यांत प्लास्टर निघतं. मोठ्या माणसाची नडगी मधोमध मोडली तर चार-पाच महिने धरून चालावेत. लहान मुलांचं गणित वेगळं, त्यांचं हाड झटपट जुळतं. सुश्रुतसंहितेत याचा हिशोब आहे: बालवयात एक महिना, मध्यम वयात दुप्पट, उतारवयात तिप्पट. नडगीच्या बाबतीत हा हिशोब जरा घाईचा आहे, पण वयाचं प्रमाण बरोबर पकडलेलं आहे.

हाड जुळतं म्हणजे नेमकं काय होतं? मोडताक्षणी हाडातल्या आणि भोवतालच्या रक्तवाहिन्या फुटतात आणि मोडलेल्या टोकांमध्ये रक्त साकळतं. ही गाठ म्हणजे घाण नव्हे, पुढच्या सगळ्या कामाची ती पायाभरणी असते. तिच्यातून निघणाऱ्या रासायनिक संकेतांमुळे पेशी जमतात. पहिले काही दिवस पाय सुजतो, तापतो, ठणकतो, तो या गडबडीमुळे. मग त्या जागी मऊ तंतुमय ऊतक तयार होतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यात कूर्चा भरते, आणि पुढे त्या कूर्चेत कॅल्शियमचे क्षार बसत जाऊन ती हाडात बदलते. मोडलेल्या जागेभोवती जो फुगवटा दिसतो तो कॅलस. एक्स-रेवर तो आधी नुसता धुरकट असतो. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून "कॅलस येतोय" म्हणाले की घरच्यांच्या जिवात जीव येतो. त्यानंतर कित्येक महिने, कधी काही वर्षं, तो ओबडधोबड फुगवटा घासून-तासून मूळ आकारात आणण्याचं काम चालतं. कातडी कापली तर तिथे कायमचा व्रण उरतो, पण हाड पुन्हा हाडानेच भरून निघतं.

यातला सगळ्यात चतुर भाग कूर्चेचा. शरीर थेट हाडच का बनवत नाही? स्वित्झर्लंडच्या स्टेफान पेरेन यांनी याचं उत्तर मापांत मांडलं. मोडलेल्या टोकांमधली फट एक मिलिमीटर आहे आणि पाय हलताना टोकं अर्धा मिलिमीटर सरकतात, असं धरा. म्हणजे फटीतल्या ऊतकाला पन्नास टक्के ताण सोसायचाय. पक्कं हाड जेमतेम दोन टक्के ताण सोसतं, कूर्चा दहाच्या आसपास, आणि सुरुवातीचं मऊ ऊतक तर शंभर टक्क्यांपर्यंतही. म्हणून आधी मऊ ऊतक येतं. त्याने हालचाल थोडी कमी होते, की कूर्चेला जगता येतं. कूर्चेने ती आणखी कमी झाली की हाडाची पाळी. फट अजिबातच हलू दिली नाही, म्हणजे प्लेट आणि स्क्रूंनी टोकं घट्ट दाबून धरली, तर कॅलस जवळपास येतच नाही. हाड आतल्या आत हळूहळू जुळतं. आणि हालचाल फार झाली तर शरीर मऊ ऊतकावरच अडून बसतं. महिन्यांमागून महिने गेले तरी हाड हलतंच राहतं. त्याला डॉक्टर नॉन-युनियन म्हणतात.

थोडक्यात, पूर्ण निश्चलताही नको आणि मोकाट हालचालही नको. पण हे कळायला बराच काळ जावा लागला.

लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) हे विसाव्याच्या पक्षाचे. ते वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले; वडिलांकडे वैद्यकीय पदवी नव्हती आणि त्यावरून त्यांना कोर्टातही जावं लागलं होतं. मुलगा रीतसर डॉक्टर झाला, पण घराण्याची हाताची कला त्याने सोडली नाही. दुखावलेला अवयव सक्तीने, अखंड आणि दीर्घकाळ विसाव्यात ठेवा, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या नावाची थॉमस स्प्लिंट पहिल्या महायुद्धात मांडी मोडलेल्या सैनिकांना लावली गेली आणि तिने असंख्य जीव वाचवले. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत ती लांबुडकी लोखंडी चौकट अजूनही दिसते. थॉमस यांच्याच काळात पॅरिसमध्ये ज्युस्त ल्यूका-शाम्पिओनिएर नेमकं उलटं सांगत होते: मोडलेल्या अवयवाला मालिश करा, सांधे हलवा, बांधून ठेवलंत तर हाड जुळेल पण हात-पाय निकामी होतील. दोघांचेही रुग्ण बरे होत होते, त्यामुळे वाद मिटण्याचं काही कारण नव्हतं.

विसाव्याच्या पक्षाला सगळ्यात मोठं बळ दिलं ते प्लास्टरने. १८५२ मध्ये नेदरलँड्सचे लष्करी डॉक्टर अँटोनियस मॅथिसेन यांनी कापडी पट्ट्यांत भाजलेल्या जिप्समची कोरडी भुकटी घासून भरली. पट्टी पाण्यात बुडवायची, पायाभोवती गुंडाळायची, काही मिनिटांत दगड. दोनच वर्षांनी क्रिमियाच्या युद्धात रशियन शल्यविशारद पिरोगोव्ह यांनी सेवास्तोपोलच्या वेढ्यात प्लास्टर मोठ्या प्रमाणावर वापरलं. तिथून पुढे शतकभर नडगी मोडली की मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर आणि खाट, हाच रिवाज.

हा रिवाज मोडला तो मायामीत. कोलंबियात जन्मलेले ऑगस्तो सार्मिएंतो यांच्याकडे गुडघ्याखाली पाय कापलेले रुग्ण यायचे. कृत्रिम पायाच्या वाटीत त्यांचा उरलेला पाय नीट बसला की ते त्यावर भार टाकून मजेत चालत. मग मोडलेल्या नडगीला तशीच चपखल वाटी बनवली तर? गुडघ्याच्या वाटीखाली नीट बसणारं, पोटरीच्या स्नायूंना चहूबाजूंनी आवळून धरणारं प्लास्टर घालून त्यांनी लोकांना चालायला लावलं आणि १९६७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालताना हाड किंचित हलतं, स्नायू दाबले जातात, रक्त खेळतं. कॅलस भरघोस येतो. पुढे १९८५ मध्ये गुडशिप आणि केनराइट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी मेंढ्यांच्या नडग्यांवर हे मोजूनच दाखवलं. ज्या मेंढ्यांच्या मोडलेल्या हाडाला यंत्राने रोज सतरा मिनिटं अगदी बारीक हालचाल दिली, त्यांचं हाड घट्ट बांधून ठेवलेल्यांपेक्षा लवकर मजबूत झालं.

आता काकांच्या पायातल्या रॉडबद्दल. हाडाच्या पोकळीतून सळई सरकवायची कल्पना रूढ केली जर्मनीतल्या कीलचे गेर्हार्ड क्युन्चर यांनी, १९३९ मध्ये. १९४० मध्ये बर्लिनमध्ये शल्यविशारदांच्या सभेत त्यांनी ती मांडली तेव्हा सहकाऱ्यांनी नाकं मुरडली. युद्ध संपत आलं तसे जर्मनीतून सुटून आलेल्या दोस्त सैनिकांच्या मांड्यांत लोखंडाची कांब बघून इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर चक्रावले. आजची सळई टायटॅनियमची किंवा स्टीलची असते आणि वर-खाली आडवे स्क्रू मारून ती जागेवर पक्की करतात. गंमत अशी की ती पायाला टेकू देते, पण हाडाला पुरतं गप्प बसवत नाही. तेवढी बारीक हालचाल शिल्लक राहते, म्हणून कॅलस येतो आणि म्हणूनच फिजिओ दुसऱ्या दिवशी वॉकर आणते.

रशियातल्या कुर्गानचे गाव्रील इलिझारोव्ह यांनी तर हाडाच्या या स्वभावाचा पार टोकापर्यंत उपयोग केला. पायाभोवती धातूच्या कड्या आणि त्यांतून हाडात आरपार ताणलेल्या तारा, अशी चौकट त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवली. कडी घट्ट पण तारा लवचीक, त्यामुळे रुग्ण चौकटीसकट चालतो. सांगतात की एका रुग्णाने नट उलटे फिरवले, टोकं जवळ यायच्या ऐवजी लांब गेली आणि मधल्या फटीत नवं हाड येताना दिसलं. त्यातून पाय लांब करायची रीत निघाली: दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव करून चार वेळा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणारा व्हॅलेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात सापडला. एकामागून एक शस्त्रक्रिया होऊनही पाय जुळेना. शेवटी तो कुर्गानला गेला, आणि बरा होऊन पुन्हा दोन मीटरवर उडी मारून आला. आपल्याकडेही जखम चिघळून हाडाचा तुकडा गमावलेल्यांना हाच मार्ग दाखवतात. बोलताना सगळे "पायाला रिंग लावलीय" एवढंच म्हणतात.

हे सगळं वाचून कुणी उद्याच कुबड्या फेकून देऊ नयेत. मधोमध मोडलेल्या नडगीत रॉड असेल तर भार लवकर देता येतो. पण मोड गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यात शिरली असेल तर सांध्याचा पृष्ठभाग खचण्याची भीती असते. तिथे सहा ते बारा आठवडे पाय टेकवूही देत नाहीत. तुमची मोड कुठली, हे एक्स-रे बघणारा डॉक्टर सांगणार, शेजारच्या काकांचा अनुभव नव्हे.

"पंचवीस टक्के भार द्या" असं सांगितलं की माणूस गोंधळतो. त्याला घरचा वजनकाटा पुरतो. दोन्ही कुबड्यांवर उभं राहायचं, चांगला पाय काट्याच्या उंचीएवढ्या पाटावर, दुखरा काट्यावर. हळूहळू दाबत न्यायचं. वजन साठ किलो असेल तर काटा पंधरावर आला की थांबायचं आणि ते दडपण पायाने लक्षात ठेवायचं. चार-पाचदा केलं की अंदाज पक्का बसतो. कुबडीची वरची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं, भार तळहातांवर घ्यायचा. काखेवर लटकत चालणाऱ्याच्या नसा दबून हाताला मुंग्या येतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुढे एकच काठी उरली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेकजण हटकून उलट धरतात आणि लंगडणं वाढवून घेतात.

या सगळ्याच्या आधी, पहिल्या दोन-तीन दिवसांत एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. पोटरीचे स्नायू चार कप्प्यांत बंद असतात आणि कप्प्यांची भिंत ताणत नाही. आत सूज वाढली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात आणि सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतो. लक्षण एकच लक्षात ठेवावं: औषध घेऊनही न थांबणाऱ्या, वाढतच जाणाऱ्या वेदना, आणि पायाची बोटं दुसऱ्याने हळूच ओढली की जीव जाईल असं दुखणं. मुंग्या, बधिरपणा, बोटं पांढरी किंवा निळी पडणं ही पुढची पायरी. तोवर थांबू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. प्लास्टर असेल तर ते तिथल्या तिथे फोडावं लागतं, कधी कप्पे चिरून मोकळे करावे लागतात. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि पाय काळा पडला, अशा केसेस हाडांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत. सुश्रुताने तर बजावून ठेवलंय की बांधणी सैल झाली तर हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना आणि पू होतो. उन्हाळ्यात तिसऱ्या दिवशी, थंडीत सातव्या दिवशी ती सोडून पुन्हा बांधावी. त्याची परंपरा सांगणाऱ्यांनी निदान एवढं तरी पाळायला हवं होतं.

मात्र आंबटाच्या बाबतीत सुश्रुतावर विसंबू नये. मोड झालेल्याने खारट, तिखट, आंबट टाळावं असं त्याच्या संहितेत आहे, आणि पाहुण्यांचा सल्ला बहुधा तिथूनच झिरपत आलाय. हाडाचा सांगाडा कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि ते विणायला क जीवनसत्त्व लागतं. लिंबू, आवळा, संत्री बंद करून आपण कारागिराचा हातच बांधतो. १७४०च्या दशकात कमोडोर अँसन यांच्या सेंच्युरियन जहाजावर क जीवनसत्त्वाअभावी होणाऱ्या स्कर्व्हीची साथ पसरली. एका म्हाताऱ्या खलाशाचं हाड सुमारे पन्नास वर्षांपूर्वी बॉइनच्या लढाईत मोडून जुळलेलं होतं. स्कर्व्हीत त्याच्या जुन्या जखमा उघडल्या आणि तो जुना कॅलसही विरघळला, अशी नोंद त्या सफरीच्या १७४८ च्या वृत्तांतात आहे. पायाच्या सुपाचं म्हणाल तर ते चवीला उत्तम, पण हाडं उकळून कॅल्शियम फारसं पाण्यात उतरत नाही. त्यापेक्षा नाचणीची भाकरी बरी. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मोठ्या माणसाची दिवसाची गरज हजार. सोबत डाळ, अंडी, मासे, दूध, जे घरात चालत असेल ते. आणि तंबाखू बंद. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं आणि नडगीला रक्ताची आधीच वाण. सिगारेट लपवून ओढणाऱ्यावर घरचे डोळा ठेवतात, पण सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणाऱ्या आजीला कुणी विचारत नाही. तिच्या मिसरीतही तेच निकोटिन असतं.

प्लास्टर निघतं त्या दिवशी नवीच धास्ती. कापायच्या करवतीचा आवाज भयंकर असला तरी तिचं पातं गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं, मऊ कातडी सहसा नाही. आतून निघालेला पाय आपला वाटत नाही: कोंडा धरलेली कातडी, राठ केस, अर्धी राहिलेली पोटरी. खाटेवरून पाय खाली सोडला की तो सुजतो आणि जांभळा पडतो. वर ठेवल्यावर रंग ओसरत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण एकच पोटरी दगडासारखी होऊन दुखत असेल, किंवा अचानक धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते आणि तेव्हा वेळ दवडू नये.

हाड जुळायला जेवढा काळ लागतो जवळपास तेवढाच पुढे पाय जुळायला लागतो, हे आधी कुणी सांगत नाही. मांडीच्या पुढचा स्नायू सगळ्यात आधी वाळतो. त्याचा व्यायाम साधा आहे: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती गादीत दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. स्नायूवर बोट ठेवलं की तो वाटीच्या वर गोळा होताना हाताला लागतो. पहिल्या दिवशी नुसता फडफडतो, आठवड्याभरात टणक लागायला लागतो. घोटा वर-खाली करायचा व्यायाम तर पहिल्या दिवसापासून खाटेवरच करता येतो.

नडगीतला रॉड बहुधा गुडघ्याच्या वाटीखालून आत सरकवतात, आणि त्या जागी पुढे बऱ्याच जणांना दुखत राहतं. चालताना नाही, गुडघे टेकताना. खुर्चीत बसणाऱ्या समाजात ही किरकोळ तक्रार ठरते. देवापुढे नमस्कार, नमाज, पंगत, शेतातली खुरपणी आणि उकिडवं बसायचा संडास ज्याच्या रोजच्या आयुष्यात आहे त्याला ती किरकोळ नाही. शस्त्रक्रियेआधीच हे डॉक्टरांशी बोलावं. वाटीच्या वरून रॉड घालायची रीतही आता आहे. कमोडची खुर्ची पहिल्या दिवसापासून भाड्याने आणून ठेवावी. त्यात संकोच कसला?

गाडी कधी चालवायची, हा तरुणांचा पहिला प्रश्न. उजवा पाय मोडला असेल तर ब्रेक मारायचा वेग पूर्ववत व्हायला, पूर्ण भार द्यायला लागल्यापासून सुमारे सहा आठवडे लागतात, असं मोटारींवरच्या चाचण्यांत दिसलंय. बाइकचा पायब्रेकही उजवीकडेच आणि किकही तिकडेच, तेव्हा हा हिशोब त्यांनाही लागू धरावा. आणि रॉड काढायचा का? त्रास नसेल तर मोठ्या माणसांत तो आयुष्यभर राहिला तरी चालतो. काढलाच तर स्क्रूंची भोकं भरेपर्यंत काही आठवडे हाड तिथे कच्चं असतं. तेवढे दिवस पळणं, उड्या आणि गल्लीतलं क्रिकेट बंद.